काट्यावरचा आकडा टॅलीपर्यंत, एकदाच लिहून

दसरा झाला की लातूरच्या मोंढ्यात, म्हणजे धान्यबाजारात, सोयाबीनच्या गाड्या लागतात. त्या दिवसांत एका शेतकऱ्याच्या मालाचं वजन किती वेळा लिहिलं जातं, ते एकदा मोजून बघा. मापाडी काट्यावर पावती लिहितो. पावती बघून आवक रजिस्टर भरलं जातं. रजिस्टर बघून संध्याकाळी कुणीतरी एक्सेल भरतं. एक्सेलची प्रिंट समोर ठेवून ऑपरेटर टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये व्हाउचर, म्हणजे व्यवहाराची नोंद, टाकतो. पैसे पाठवायची वेळ आली की बँकेच्या यादीत पाचव्यांदा. दर वेळी २२.६५ क्विंटलचे २२.५६ व्हायला वाव आहे. नऊ किलोचा फरक, म्हणजे क्विंटलला ४,४२० रुपये भाव धरला तर चारशेच्या आसपास रुपये, आणि ते जातात ज्याने माल आणला त्याचे.

मी मराठवाड्यातल्या एका शेतकरी उत्पादक कंपनीचे आणि दोन-तीन आडत दुकानांचे हिशेब बघतो. हंगामात रात्री अकरापर्यंत व्हाउचर टाकत बसण्याचे दिवस मी काढले आहेत. आता ते काम अर्ध्या तासात होतं, आणि त्यातली पंधरा मिनिटं तपासण्यात जातात. त्यासाठी वेगळं महागडं सॉफ्टवेअर घेतलं नाही, प्रोग्रॅमिंगही शिकलो नाही. एक्सेलमध्ये बेरीज-वजाबाकी आणि टॅलीत व्हाउचर टाकणं एवढं ज्याला येतं, त्याला पुढचं सगळं जमेल.

एकच तत्त्व धरून चाला: आकडा जिथे जन्मतो तिथे एकदाच लिहायचा. पुढच्या प्रत्येक ठिकाणी तो आपोआप गेला पाहिजे, आणि माणसाने तिथे फक्त तपासणी करायची.

आधी कागदावर वाट आखा

संगणक उघडण्याआधी कोरा कागद घ्या. तुमच्याकडे आकडे कुठून कुठे जातात ते बाण काढून दाखवा: काटापावती, आवक शीट, पट्टी (म्हणजे एका शेतकऱ्याच्या मालाच्या वजनाचा, दराचा आणि रकमेचा हिशेब), टॅली, बँक. आता प्रत्येक बाणाची दिशा ठरवा. खात्यांची नावं टॅलीतून एक्सेलकडे येतील. रोजच्या पट्ट्या एक्सेलकडून टॅलीकडे जातील. एकच माहिती दोन्हीकडे बदलायची मुभा कधीही ठेवू नका. दोन ठिकाणी दुरुस्ती झाली की आठवड्याभरात खरा आकडा कोणता हे कुणालाच सांगता येत नाही.

टॅलीत गेलेल्या पट्टीत चूक सापडली तर काय करायचं, हेही आत्ताच ठरवा. माझा नियम असा: शीटमधली ती ओळ खोडायची नाही, तिच्यापुढे 'रद्द' लिहायचं. टॅलीत ते व्हाउचर उघडून ऑल्ट आणि एक्स दाबून रद्द करायचं आणि दुरुस्त पट्टी नव्या क्रमांकाने टाकायची. जुनी चूक दिसत राहते आणि ती कशी सुधारली तेही दिसतं. शेतकरी उत्पादक कंपनी ही कंपनी कायद्याखालची असल्यामुळे तिला याची गरज जास्त आहे. १ एप्रिल २०२३ पासून कंपन्यांच्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक बदलाची नोंद राहणं सक्तीचं आहे, आणि ती नोंद चालू होती का यावर लेखापरीक्षकाला आपल्या अहवालात लिहावं लागतं. टॅलीच्या एडिट लॉग आवृत्तीत ही नोंद बंदच करता येत नाही. शंभर पट्ट्या चुकीच्या घेतल्या आणि पुसल्या, तर त्या पुसल्याचीही नोंद वर्षअखेरीला समोर येते.

नावांचं काम सगळ्यात मोठं

हे सगळं काम ज्यांचं अर्ध्यात बंद पडतं, त्यांचं बहुतेक वेळा नावांवर अडतं. टॅलीच्या दृष्टीने खात्याचं नाव एका अक्षराने वेगळं असलं तरी ते वेगळं खातं. आणि आपल्याकडे एका गावात एकाच नावाचे, एकाच आडनावाचे चार शेतकरी सहज निघतात. वडिलांचं नाव लावलं तरी दोघे उरतात.

म्हणून प्रत्येक शेतकऱ्याला कोड द्या. गावाची दोन-तीन अक्षरं आणि क्रमांक पुरेसा आहे. कोड एकदा दिला की तो माणूस सभासद असो-नसो, पुन्हा दुसऱ्याला द्यायचा नाही. टॅलीतल्या खात्याच्या नावातच हा कोड शेवटी लावा. शेतकऱ्याच्या वहीवर, सभासद कार्डावर, काटापावतीवरही तोच छापून घ्या. मापाड्याने नाव चुकीचं लिहिलं तरी चालेल, कोड बरोबर हवा.

मग एक्सेलमध्ये 'खाती' नावाचं शीट करा. पहिल्या रकान्यात कोड, दुसऱ्यात टॅलीतलं हुबेहूब नाव, पुढे गाव, मोबाईल, बँक खातं, बँकेच्या शाखेचा आयएफएससी कोड. दुसऱ्या रकान्यातलं नाव हाताने टाईप करायचं नाही, टॅलीतून आणायचं. टॅलीत खात्यांची यादी उघडून ऑल्ट आणि ई दाबलं की ती एक्सेलमध्ये निघते. पट्टीच्या शीटमध्ये फक्त कोड टाकायचा आणि नाव व्हीलुकअपने, म्हणजे कोडावरून शोधून आणणाऱ्या सूत्राने, 'खाती' शीटमधून ओढायचं. व्हीलुकअपच्या शेवटी 'फॉल्स' लिहायला विसरू नका. ते राहिलं तर एक्सेल जवळपासचं नाव उचलतं, चूकही दाखवत नाही, आणि पैसे शेजाऱ्याच्या खात्यात जमा होतात.

मराठीत नावं ठेवणाऱ्यांसाठी एक गोष्ट मुद्दाम सांगतो, कारण ती शोधायला मला दोन दिवस लागले होते. वऱ्हाडे, गोऱ्हे अशा आडनावांतला 'ऱ्ह' संगणकावर दोन प्रकारे टाईप होतो. एका प्रकारात खालच्या नुक्त्याचा वेगळा 'ऱ' असतो, दुसऱ्यात साध्या 'र'ला हलन्त लावून मध्ये एक न दिसणारं जोडचिन्ह असतं. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात. टॅली आणि एक्सेल मात्र त्यांना दोन वेगळे शब्द समजतात. 'नाव तर तेच आहे, मग सापडत का नाही?' असा प्रश्न पडला की आधी हे तपासा. कोड लावल्यावर हा प्रश्न उरतच नाही, कारण कोडात जोडाक्षर नसतं.

आवक शीट कसं बांधायचं

रकाने हे असावेत: तारीख, पट्टी क्रमांक, शेतकऱ्याचा कोड, नाव, माल, कट्टे, निव्वळ वजन, दर, रक्कम, हमाली, तोलाई, खात्यात जमा करायची रक्कम, हातात पडायची रक्कम, शेरा. एका ओळीत एकच पट्टी. मधे मोकळी ओळ नको, गावाच्या नावाचं मथळ्यासारखं रंगीत पट्टं नको, दोन चौकटी जोडून एक करणं तर अजिबात नको. डोळ्याला सुबक दिसणारं शीट टॅलीत आयात करायला निरुपयोगी असतं. सुबक छपाई हवी असेल तर ती वेगळ्या शीटवर करा.

पट्टी क्रमांक हा या शीटचा कणा आहे. केंद्राचं अक्षर, वर्ष आणि क्रमांक, आणि तो संपूर्ण वर्षात एकदाच आला पाहिजे. क्रमांक किती वेळा आला ते मोजणारं काउंटइफचं साधं सूत्र शेजारच्या रकान्यात ठेवा. कुठलाही क्रमांक दोनदा आला की चौकट लाल झाली पाहिजे.

भरणाऱ्याला चूक करायला जागाच ठेवू नका. 'डेटा व्हॅलिडेशन' वापरून कोडाची आणि मालाची यादी खाली उघडेल असं करा. तारखेला १ एप्रिल ते ३१ मार्च असं कुंपण घाला. वजनाला तुमच्या गाडीच्या अंदाजाने कमाल मर्यादा द्या. ट्रॅक्टरभर मालात कुणी २२.६५ ऐवजी २२६५ टाकलं तर शीटने तिथेच अडवलं पाहिजे. सूत्रांचे रकाने कुलूपबंद करा.

काट्यावर संगणक नसेल तर मोबाईलवर गूगल फॉर्म चालतो. त्यातली माहिती गूगल शीटमध्ये पडते आणि संध्याकाळी तिथून एक्सेल फाईल उतरवून घेता येते. खेड्यातल्या केंद्रावर रेंज जात असेल तर ऑफलाईन एक्सेल फाईल बरी. दोन-तीन केंद्रं असतील तर प्रत्येकाने आपली फाईल रोज एकाच फोल्डरमध्ये टाकावी आणि एक्सेलच्या 'गेट डेटा'मधून 'फ्रॉम फोल्डर' निवडावं. एक्सेल २०१६ पासून ही सोय आतच आहे. सगळ्या फायलींचे रकाने त्याच नावांचे ठेवले, तर रोज फक्त 'रिफ्रेश' दाबलं की सगळी केंद्रं एका यादीत येतात. कॉपी-पेस्टमध्ये शेवटच्या दोन ओळी राहून जाण्याचा प्रकार त्याने कायमचा थांबला.

आकड्यांतली घाण

शीट भरल्यावर पहिली नजर आकड्यांच्या बाजूवर टाका. चौकटीत उजवीकडे चिकटलेला तो आकडा, डावीकडे चिकटलेला तो मजकूर. तुम्ही स्वतः बाजू बदलली नसेल तर ही खूण पक्की आहे. मोबाईलवर मराठी कीबोर्ड चालू असताना भरलेले मराठी अंक आमच्या शीटमध्ये नेहमी डावीकडे बसत. बेरजेत ते धरलेच जात नसत आणि एकूण रक्कम गुपचूप कमी दिसे. छापील लेखात मराठी अंक शोभतात, पण आयातीच्या शीटमध्ये इंग्रजी अंकच ठेवा.

तारखेने फसवलेले लोक मी सगळ्यात जास्त पाहिले. संगणकाची सेटिंग अमेरिकन पद्धतीची असेल तर ५ नोव्हेंबर म्हणून टाकलेली ०५-११ ही तारीख ११ मे होऊन बसते. १५ ऑक्टोबरला मात्र पंधरावा महिना नसल्यामुळे ती मजकूर म्हणून राहते. म्हणजे महिन्याच्या पहिल्या बारा दिवसांच्या तारखा आवाज न करता बदलतात आणि तेराव्या दिवसापासून अडचण दिसू लागते. विंडोजच्या प्रदेश सेटिंगमध्ये 'इंग्लिश, इंडिया' निवडा. खात्री करायची असेल तर एका तारखेचं स्वरूप 'जनरल' करून बघा. खरी तारीख असेल तर आकडा दिसतो. १५ ऑक्टोबर २०२५ असेल तर ४५९४५. तारीख तशीच राहिली तर तो मजकूर आहे.

नावाच्या आगेमागे राहिलेल्या मोकळ्या जागा 'ट्रिम'ने जातात. व्हॉट्सॲपवरून किंवा वेबपानावरून उतरवलेल्या मजकुरात मात्र एक वेगळ्या जातीची मोकळी जागा येते, तिला ट्रिम हात लावत नाही. तिचा कॅरॅक्टर क्रमांक १६० आहे. 'सब्स्टिट्यूट'ने ती साध्या जागेत बदलून मग ट्रिम करा.

आणि पैशाचा प्रत्येक गुणाकार 'राउंड'मध्ये गुंडाळा, दोन दशांशांपर्यंत. एक्सेल दोन दशांश दाखवतं पण आत सगळे ठेवतं. मग नावे आणि जमा यांत एका पैशाचा फरक पडतो आणि टॅली ते व्हाउचर घेत नाही. घेऊही नये.

एका पट्टीचं व्हाउचर

आता एक पट्टी घेऊ. दर केवळ उदाहरणासाठी धरले आहेत. ३८ कट्टे, निव्वळ वजन २२.६५ क्विंटल, दर ४,४२० रुपये. रक्कम झाली १,००,११३. हमाली कट्ट्यामागे ८ रुपये धरली तर ३०४, तोलाई २ रुपये धरली तर ७६. या शेतकऱ्याने पेरणीच्या वेळी १५,००० रुपये उचल घेतलेली आहे. त्याच्या हातात पडायचे ८४,७३३.

टॅलीत हे असं जाईल: सोयाबीन खरेदी नावे १,००,११३, हमाली देणे जमा ३०४, तोलाई देणे जमा ७६, शेतकऱ्याचं खातं जमा ९९,७३३. उचल कुठे गेली? ती जून महिन्यातच त्याच्या नावे पडलेली आहे. आता ९९,७३३ जमा झाले की खात्याची बाकी आपोआप ८४,७३३ होते. पट्टीच्या कागदावर उचल वजा दाखवतात म्हणून नवा माणूस व्हाउचरमध्येही ती वजा करतो, आणि शेतकऱ्याची उचल दोनदा कापली जाते. हातात पडायचा आकडा आणि खात्यात जमा करायचा आकडा वेगळा आहे, हे शीट बांधतानाच दोन वेगळ्या रकान्यांत दिसू द्या.

आयातीसाठी या पट्टीच्या चार ओळी लागतात. वेगळ्या शीटवर रकाने करा: तारीख, व्हाउचरचा प्रकार, व्हाउचर क्रमांक, खात्याचं नाव, रक्कम, नावे की जमा, आणि तपशील. चारही ओळींवर तोच पट्टी क्रमांक. त्यावरूनच टॅलीला कळतं की हे एकच व्हाउचर आहे. तपशिलात कट्टे, वजन आणि दर सूत्राने जोडून टाका. वर्षाने शेतकरी विचारायला आला तर खातं उघडताच सगळं समोर असतं.

साठाही टॅलीत ठेवत असाल तर माल, क्विंटल आणि दराचे रकाने जास्तीचे लागतात. माझा सल्ला, पहिल्या हंगामात फक्त रकमेची बाजू बसवा. ती महिनाभर न अडखळता चालली की साठा जोडा. दोन्ही एकदम केलं की चूक कुठल्या बाजूला आहे ते शोधताना दमछाक होते.

टॅलीत घेणं

टॅलीप्राइमच्या ४.० आवृत्तीपासून एक्सेल फाईल थेट आत घेता येते. त्याआधीची आवृत्ती असेल तर अद्ययावत करून घ्या.

खऱ्या हिशेबावर पहिला प्रयोग करायचा नाही. 'सराव' नावाची वेगळी कंपनी उघडा, तिच्यात दहा खाती करा आणि पाच पट्ट्या घेऊन बघा. घरच्या संगणकावर विनापरवाना शैक्षणिक प्रकारात सराव करणार असाल तर लक्षात ठेवा, त्यात महिन्याच्या १, २ आणि ३१ तारखेचीच व्हाउचर टाकता येतात. सरावाच्या फाईलमधल्या तारखा तशा घ्या, नाहीतर फाईल बरोबर असूनही अडेल.

खऱ्या कंपनीत पहिलं काम बॅकअप. ऑल्ट आणि वाय, मग 'बॅकअप', आणि तो त्याच संगणकावर न ठेवता पेनड्राइव्हवरही घ्या. हंगामात वीज कधी जाईल याचा भरवसा नसतो, बॅटरीवर चालणारा यूपीएस नसेल तर आयात सुरू करू नका.

मग ऑल्ट आणि ओ दाबलं की 'इम्पोर्ट' उघडतं. नवे शेतकरी असतील तर आधी 'मास्टर्स', म्हणजे खाती, घ्या, नंतर 'ट्रान्झॅक्शन्स', म्हणजे व्हाउचर. हा क्रम उलटा चालत नाही, कारण खातंच नसेल तर रक्कम कुठे पडणार? फाईलचा प्रकार एक्सेल निवडा, फोल्डर, फाईल आणि शीटचं नाव द्या. पुढे 'मॅपिंग टेम्प्लेट' येतं: तुमच्या शीटमधला कोणता रकाना टॅलीतल्या कोणत्या जागी जायचा ते तिथे एकदा जोडून जतन करायचं. दुसऱ्या दिवसापासून तेच टेम्प्लेट वापरायचं. टॅलीसोबत नमुना एक्सेल फायलीही मिळतात. आपले रकाने त्यांच्याप्रमाणेच ठेवले तर जोडणीचं काम फार कमी होतं. मास्टर्स घेताना, खातं आधीच असेल तर काय करायचं, हे टॅली विचारते. तिथे 'इग्नोर डुप्लिकेट्स' ठेवा, म्हणजे जुन्या खात्यांना धक्का लागत नाही.

आता सगळ्यात महत्त्वाची सेटिंग. या पट्ट्यांसाठी वेगळा व्हाउचर प्रकार करा, त्याचं क्रमांकन 'मॅन्युअल' ठेवा आणि 'प्रिव्हेंट डुप्लिकेट्स'ला होय म्हणा. यामागे माझा अनुभव आहे. पहिल्या हंगामात आयात चालू असताना वीज गेली. परत आल्यावर मी तीच फाईल पुन्हा घेतली. क्रमांकन आपोआपचं होतं, त्यामुळे टॅलीने सगळ्या पट्ट्या नवीन समजून पुढचे क्रमांक दिले. दुसऱ्या दिवशी एक शेतकरी बाकी विचारायला आला, आणि मी सांगितलेला आकडा ऐकून म्हणाला, "साहेब, एवढा माल मी आणलाच नाही." त्याने सांगितलं म्हणून कळलं. गप्प राहिला असता तर पैसे गेले असते आणि ते परत मागायची वेळ आमच्यावर आली असती. त्या दिवसापासून क्रमांक माझ्या शीटचा, आणि तोच क्रमांक दुसऱ्यांदा आला की टॅली दारातच थांबवते.

फायलींचीही शिस्त लावा. 'घ्यायच्या' आणि 'घेतलेल्या' असे दोन फोल्डर. आयात झाली की फाईल लगेच दुसऱ्या फोल्डरमध्ये. घेतलेल्या फायली टाकून द्यायच्या नाहीत. कंपनीला आठ वर्षांचे हिशेब आणि त्यामागची कागदपत्रं जपावी लागतात, आणि या फायली काटापावती आणि व्हाउचर यांच्यामधला दुवा आहेत.

रोज संध्याकाळच्या तीन बेरजा

आयात पूर्ण झाल्याचा संदेश आला म्हणजे काम झालं, असं समजू नका. तीन गोष्टी जुळवा आणि त्या एका वहीत तारीख घालून लिहा.

काटापावत्यांची संख्या आणि शीटमधल्या पट्ट्यांची संख्या. काटापावत्यांच्या वजनाची बेरीज आणि शीटमधल्या वजनाची बेरीज. शीटमधली खरेदीची एकूण रक्कम आणि टॅलीच्या डे बुकमधली त्या दिवसाची त्या व्हाउचर प्रकाराची रक्कम.

पहिल्या दोन बेरजा शीट खरं आहे का ते सांगतात, तिसरी टॅलीत सगळं पोचलं का ते सांगते. फरक आला तर त्याला नऊने भागून बघा. नि:शेष भाग गेला तर बहुधा कुठेतरी दोन अंकांची अदलाबदल झाली आहे, २२.६५ आणि २२.५६ सारखी. जुन्या मुनीमांची ही युक्ती आजही तेवढीच चालते. यांपैकी एकही बेरीज जुळली नाही तर त्या दिवशी पैसे पाठवायचे नाहीत. शेतकऱ्याला खरं कारण सांगून एक दिवस मागून घ्या.

टॅलीतून परत एक्सेलकडे

उलटी वाट बाकीसाठी लागते. टॅली उघडी आणि कंपनी चालू असताना एक्सेल तिच्यातून आकडे थेट ओढू शकतं. या सोयीला ओडीबीसी म्हणतात. टॅलीत एफ१ दाबून 'सेटिंग्ज', तिथे 'कनेक्टिव्हिटी', आणि ओडीबीसी चालू करून पोर्ट ९००० ठेवा. एक्सेलमध्ये 'गेट डेटा'तून 'मायक्रोसॉफ्ट क्वेरी' निवडलं की टॅलीचं नाव दिसतं. नाही दिसलं तर बहुधा एक्सेल ३२ बिट आणि टॅली ६४ बिट किंवा उलटं आहे. दोन्ही एकाच जातीचे हवेत. खातं, गट आणि अखेरची बाकी एवढे तीनच रकाने घ्या.

या बाकीवरून बँकेची यादी बनते. इथे एक्सेलची दोन वैगुण्यं जीव घेणारी आहेत. एक्सेल आकड्यातले पहिले पंधरा अंकच खरे ठेवतं. सोळा अंकी खातं क्रमांक आकडा म्हणून टाकला की शेवटचा अंक शून्य होतो. आणि खातं शून्याने सुरू होत असेल तर ते शून्य गळून पडतं. म्हणून माहिती टाकायच्या आधी तो रकाना 'टेक्स्ट' करा. आयएफएससी अकरा अक्षरांचा असतो आणि त्यातलं पाचवं अक्षर नेहमी शून्य असतं. तिथे पुष्कळदा इंग्रजी 'ओ' पडलेला असतो. पाचवं अक्षर तपासणारं सूत्र लावा. एक शेतकरी तीन आठवडे पैशाची वाट बघत राहतो, तो बहुतेक वेळा एवढ्या एका अक्षरामुळे.

विक्रीच्या बिलांसाठी

विक्रीची बिलंही याच पद्धतीने जातात. जास्तीचं काम फक्त जीएसटीचं. उदगीर, देगलूरकडचा माल कर्नाटक-तेलंगणात जातो. खरेदीदाराच्या पंधरा अक्षरी जीएसटी क्रमांकाचे पहिले दोन अंक राज्य सांगतात: महाराष्ट्र २७, कर्नाटक २९, तेलंगण ३६. 'लेफ्ट' सूत्राने ते दोन अंक काढा. २७ असेल तर केंद्र आणि राज्य असे दोन कर, नसेल तर एकच आंतरराज्य कर. माल कुठे पोचवायचा यावर यात अपवाद येतात, त्यामुळे परराज्यातल्या पहिल्या काही बिलांवर तुमच्या कर सल्लागाराची नजर पडू द्या.

रोजच्या पट्ट्या शेकड्यांत गेल्या की लोक एक्सएमएल फायलींकडे वळतात. टॅली त्या बऱ्याच जुन्या काळापासून घेते, आणि एखादा तरुण मुलगा शिकून घेणार असेल तर त्याला दोन गोष्टी आधीच सांगा: तिथे तारीख वर्ष-महिना-दिवस अशी सलग आठ अंकी लिहायची असते, आणि नावेची रक्कम उणे चिन्हाने जाते, जमेची अधिक चिन्हाने. चिन्ह उलटं झालं तर प्रत्येक देणं येणं होऊन बसतं.

पहिले पंधरा दिवस जुनी पद्धतही चालू ठेवा. निदान रोज पाच पट्ट्या हाताने टाकून सराव कंपनीत ताडून बघा. आणि आयातीच्या पायऱ्या, फोल्डरची नावं, टेम्प्लेटचं नाव, तीन बेरजांचा तक्ता हे सगळं एका पानावर मराठीत लिहून संगणकाशेजारी भिंतीला लावा. दिवाळीत तुम्ही गावाकडे असाल तेव्हाही मोंढ्यात माल येतच असतो, आणि त्या दिवशी ते पान वाचून दुसऱ्या कुणाला तरी पट्ट्या टॅलीत घ्यायच्या आहेत.